कॅमेऱ्याचं ओझं आणि जुन्नरच्या वाटा

जुन्नरच्या डोंगरांना ओझ्याची ओळख दोन हजार वर्षांची आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून इथे यायचा आणि पुढे पैठणची वाट धरायचा. घाटाच्या माथ्यावर राणी नागनिकेचा शिलालेख असलेलं लेणं आहे, जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. पुढे कित्येक शतकं या वाटेवर बैलांचे तांडे चालले. बैलाच्या पाठीवर पालाण, पालाणाच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या. एक बाजू जड झाली की बैलाची पाठ सोलवटते, आणि उतारावर त्याचा पाय घसरला की मालही जातो आणि बैलही. एकोणिसाव्या शतकात कॅमेरा या मुलखात आला तेव्हा त्यालाही याच वाटा मिळाल्या आणि हाच हिशेब सांभाळावा लागला.

छायाचित्रणाच्या इतिहासात भिंगांवर, काचांवर आणि फिल्मवर भरपूर लिहिलं गेलं आहे. हे सगळं सामान डोंगरावर कुणी नेलं, कशातून नेलं, आणि त्या नेण्यामुळे चित्रात काय आलं नि काय राहिलं, याकडे मात्र फारसं कुणी पाहिलेलं नाही. जुन्नर-आंबेगावात तो प्रश्न डावलता येत नाही, कारण इथे पाहण्यासारखं जे आहे ते बहुतेक कड्यावर आहे. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून पावणेदोनशेहून अधिक कोरीव कामं आहेत. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. मानमोडीच्या काही लेण्यांकडे अजूनही झुडपांतून आणि घसाऱ्यावरून पाऊल जपून टाकत जावं लागतं. रेल्वे जुन्नरला आजही पोचलेली नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबईहून पुण्याला येणं सोपं झालं. पण पुण्यापासून पुढचे नव्वदेक किलोमीटर गाडीबैलाचे, आणि शेवटची चढण माणसाच्या खांद्याची.

कॅमेऱ्याच्या आधी इथे पेन्सिल आली होती. १८२०च्या दशकात दख्खनची सांख्यिकी गोळा करत फिरणाऱ्या कर्नल साइक्सने जुन्नरच्या लेण्यांची आणि नाणेघाटाच्या लेखाची दखल घेतली. त्याच्या हाताशी कागद आणि नजर एवढंच होतं. नजरेने उतरवलेल्या ब्राह्मी अक्षरांत चुका राहतात. म्हणून पुढच्या पिढीने ठसे घ्यायला सुरुवात केली. ओला कागद लेखावर चिकटवायचा, ब्रशाने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळला की सोलून काढायचा. डॉ. भाऊ दाजी लाडांचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातली लेणी अशीच पालथी घातली. नाणेघाटाच्या लेखातल्या प्राचीन अंकांवर त्यांनी १८७०च्या दशकात काम केलं आणि १८८१ मध्ये जेम्स बर्जेस यांच्याबरोबर लेण्यांतल्या शिलालेखांचं पुस्तक काढलं. कागदाची गुंडाळी, ब्रश आणि पाण्याचं भांडं एकटा माणूसही पाठीवर नेऊ शकतो. शिलालेखांचं वाचन या प्रांतात इतकं पुढे गेलं त्यात भगवानलालांची बुद्धी तर होतीच, पण साधनाच्या हलकेपणाचाही वाटा होता. जिथे कॅमेऱ्याची पेटी चढली नसती अशा कपारीतही कागद पोचत होता.

कॅमेऱ्याचं तसं नव्हतं.

१८५१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं गंभीर छायाचित्रण त्याच पद्धतीने झालं. तिची कृती समजून घेतली की ओझं का एवढं होतं ते कळतं. काच स्वच्छ पुसायची. तिच्यावर कलोडियन ओतायचं आणि काच चारही कोपऱ्यांकडे कलती करत तो पातळ द्राव सारखा पसरवायचा, उरलेला एका कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचा. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या कुंडीत काही मिनिटं बुडवायची, ओलीच चौकटीत घालायची, धावत कॅमेऱ्याशी न्यायची, चित्र घ्यायचं, परत अंधारात येऊन हिराकसाच्या द्रावाने ते उमटवायचं आणि धुवायचं. हे सगळं काच वाळण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत. याचा अर्थ कॅमेरा जिथे जाईल तिथे अंधाराचा तंबू, रसायनांच्या पेट्या, कुंड्या आणि पाणी यांनाही जावं लागे.

शिवाय त्या काळी छोट्या काचेवरून मोठं चित्र काढण्याची सोय व्यवहारात नव्हती. जेवढं चित्र हवं तेवढीच मोठी काच, आणि तेवढाच मोठा कॅमेरा. बारा बाय दहा इंचांची एक काच पाव किलोच्या वरच भरते. शंभर काचा म्हणजे एका माणसाचं भरपूर ओझं, तेही असं की एकदा आपटलं तर सगळं संपलं. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात गेला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते आणि लहान-मोठ्या मिळून साडेसहाशेच्या घरात काचा होत्या. त्याच्या चित्रांचं कौतुक जगभर झालं. त्या तीस जणांपैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही.

मुंबई इलाख्यात ही विद्या लवकर रुजली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सक्रिय सभासद होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर त्याच सुमारास व्यवसाय म्हणून छायाचित्रण पत्करलं. १८५५ मध्ये कंपनी सरकारने प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी कॅप्टन बिग्ज यांच्याकडे कॅमेरा सोपवला आणि ते विजापूर-ऐहोळेकडे गेले. सरकारचा हिशेब असा होता की चित्रकार महिनोन्‌महिने बसून जे रेखाटतो ते कॅमेरा क्षणात टिपेल. क्षणाचा हिशेब बरोबर होता. त्या क्षणापर्यंत पोचायला लागणाऱ्या बैलगाड्यांचा आणि माणसांचा हिशेब मात्र त्यात नव्हता.

जुन्नरच्या परिसरात अशा कामाची आणखी एक अडचण होती, ती हवेची. कलोडियनमध्ये इथर असतो आणि इथर ३५ अंशांच्या आसपासच उकळतो. चैत्र-वैशाखात जुन्नरचा पारा सहज त्याच्या वर जातो. काचेवर द्राव पसरेपर्यंतच तो आटू लागणार. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं आणि ओल इतकी की काही दिसणारच नाही. राहिली थंडी. सरकारी दौरेही थंडीतच निघत, तेव्हा ते जमून गेलं. लेण्याद्रीच्या लेण्यांचं तोंड दक्षिणेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात उतरता सूर्य ओसरीच्या खांबांवर चांगला पडतो. चैत्यगृहाच्या पोटात मात्र अंधारच. तिथे उघडं भिंग मिनिटंच्या मिनिटं ठेवावं लागणार, आणि तेवढ्यात काच वाळणार. जुन्या छायाचित्रांत लेण्यांचे दर्शनी भाग इतके आणि अंतर्भाग इतके थोडे का, याचं उत्तर अभ्यासकांच्या आवडीनिवडीत शोधण्याआधी या रसायनात शोधावं.

एक गोष्ट मात्र या डोंगरांनी आयती दिली होती. बौद्ध भिक्षूंनी विहारांच्या शेजारी खडकात पाण्याची टाकी खोदली होती, शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. ओल्या काचेच्या कामाला पाणी जवळ असणं म्हणजे निम्मं ओझं वाचणं. पखालभर पाणी वर चढवणं काय असतं ते पखाल वाहणाऱ्यालाच विचारावं.

आता वाहणाऱ्यांविषयी. सरकारी दौऱ्यासाठी गावातून गाड्या, बैल आणि माणसं वेठीला धरण्याची रीत ब्रिटिश अमदानीत सर्वत्र होती. पाटलाला निरोप जायचा आणि माणसं हजर व्हायची, पैसे मिळाले तर मिळाले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात डोंगराच्या वाटा ठाऊक असलेले म्हणजे महादेव कोळी आणि ठाकर. हिरड्याची पोती घेऊन घाट उतरणं हे त्यांचं नेहमीचं काम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी, एक हात पेटीला आणि दुसरा मोकळा, कारण कड्यावर तोल जाऊ लागला तर दगड धरायला एक हात हवाच. दोघांत न्यायची लांब पेटी असली तर बांबूला बांधून खांद्यावर. काचेची पेटी डोक्यावरून नेणं हे बैलावर लादण्यापेक्षा सुरक्षित, कारण माणूस पायरी चढताना मान स्थिर ठेवतो. बैलाला ते सांगता येत नाही.

त्या काळातल्या पुरातत्त्वीय छायाचित्रांत एखाद्या खांबाशी धोतर नेसलेला, कधी उघडा, निश्चल माणूस उभा केलेला दिसतो. खांबाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून तो तिथे आहे. सामान वर आणणाऱ्यांपैकीच कुणाला तरी उभं करणं हे सगळ्यात सोयीचं होतं. चित्राखाली लेण्याचं नाव असतं, क्रमांक असतो, छायाचित्रकाराचं नाव असतं. त्या माणसाचं नसतं. जुन्नरचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या माणसाकडे एकदा खांबाइतकंच लक्ष देऊन पाहायला हवं. त्याचे पाय, त्याच्या खांद्यावरची घोंगडी, त्याची नजर, हा सगळा पुरावाच आहे.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा कारखान्यांतून तयार मिळू लागल्या. तंबू गेला, कुंड्या गेल्या, हिराकस आणि इथरच्या बाटल्या मुक्कामावर राहिल्या. छायाचित्रकार प्रथमच सकाळी डोंगर चढून संध्याकाळी काचा परत आणू शकला आणि रात्री सवडीने धुऊ शकला. हेन्री कझिन्स १८८१ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणात दाखल झाले ते याच बदलाच्या काळात, आणि या प्रांतातल्या वास्तूंच्या छायाचित्रांचा मोठा साठा त्यांच्या कारकिर्दीत जमला. काच मात्र काचच राहिली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला, गुंडाळीवर शंभर चित्रं निघू लागली, हौशी माणसाच्या हातात कॅमेरा गेला. पुरातत्त्व खातं बारीक तपशिलासाठी पुढेही कित्येक दशकं काचेलाच धरून राहिलं. १९०३ मध्ये त्याच खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून त्र्यंबकेश्वरचा एक तरुण नोकरीला लागला होता. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. दहा वर्षांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेबांनी जड कॅमेरा उघड्यावर नेऊन काम करण्याचे धडे बोलपटवाल्यांच्या कितीतरी आधी अशा नोकऱ्यांतून घेतले होते.

खरा फरक पडला तो १९२५ मध्ये लायका बाजारात आला तेव्हा. चित्रपटाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म, एका गुंडाळीत छत्तीस चित्रं, आणि कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा. भारतातल्या वृत्तछायाचित्रकारांच्या हाती मात्र बराच काळ स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत हे सामान घेऊन साडीत, सायकलवरून कामाला जात. वजन उचलण्यासाठी त्यांच्यामागे हमालांची रांग नव्हती. कॅमेरा वाहणारा आणि कॅमेरा वापरणारा एकच झाला, आणि त्या दिवसापासून पिशवीचा प्रश्न छायाचित्रकाराचा स्वतःचा झाला.

१९४८ मध्ये पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि काही वर्षांत तालुक्याच्या गावांना गाड्या मिळाल्या. पुण्याहून नारायणगाव, तिथून जुन्नर, तिथून आपटाळे किंवा घाटघर. एस.टी.च्या गर्दीत पेटी चालत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठी पत्रकारांच्या खांद्यावर शबनम असायची, आणि पुष्कळांचा कॅमेरा त्याच कापडी पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, वही आणि डब्याच्या शेजारी. धक्क्यापासून तिचं संरक्षण शून्य. पण तिच्यात किमती वस्तू आहे हे कुणाला कळत नसे, आणि बसल्या जागी हात घालून कॅमेरा बाहेर काढता येत असे. या दोन गुणांना कमी लेखू नये. साधारण त्याच काळात अमेरिकेत ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चे छायाचित्रकार जिम डॉमकी यांनी कॅनव्हासची मऊ पिशवी बनवली. जाड गाद्या भरलेली ताठ पेटी अंगाला लागते आणि धावताना आपटते, तेव्हा पिशवीने कमरेला बिलगून राहावं आणि न बघता भिंग हाती यावं, असा त्यांचा विचार होता. पुण्यातल्या शबनमवाल्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती.

नारायणगावच्या तमाशाने या पिशवीची वेगळी परीक्षा घेतली. गुढीपाडव्याच्या सुमारास यात्रांचा हंगाम उघडतो आणि फडांच्या राहुट्या नारायणगावात लागतात. गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. संदेश भांडारे यांनी तमाशा कलावंतांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं आणि ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकातून ते मांडलं. फडाबरोबर फिरायचं म्हणजे ट्रकमधून जायचं, राहुटीत झोपायचं, पहाटेपर्यंत जागायचं. तंबूत तिवई उभी करायला जागा नाही आणि फ्लॅश टाकला तर रंगाचा बेरंग. अशा ठिकाणी एक कॅमेरा, एक-दोन उजळ भिंगं आणि ती ठेवायला उशाशी घेता येईल अशी पिशवी, याच्यापुढचं सगळं अडगळ.

मग बिबट्या आला. २००१ च्या आसपास जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, माणसावरचे हल्ले एकदम वाढले. उसाच्या शेतात जन्मलेले बिबटे, माणिकडोहचं निवारा केंद्र, पिंजरे, हे सगळं वर्तमानपत्रांचं रोजचं काम झालं. बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी आली की स्थानिक वार्ताहर मोटारसायकलवर टांग टाकतो. विहिरीला अनेकदा कठडा नसतो, भोवती शे-दोनशे माणसं, वनखात्याचे लोक दोरीने बाज किंवा पिंजरा खाली सोडताहेत. अशा वेळी खांद्याला लटकती पिशवी धोक्याची, कारण वाकलं की ती पुढे झुलते आणि माणसाला तोंडघशी ओढते. पाठीवरची सॅक मागच्या माणसाच्या छातीला लागते. इथल्या पोरांनी यावर शोधलेला उपाय साधा आहे: कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून न घालता छातीवरून तिरका, दुसरं भिंग जाकिटाच्या किंवा कमरेच्या बंद खिशात, आणि बाकी सगळं मोटारसायकलच्या डिकीत. जवळ जायच्या आधी काय मागे ठेवायचं हे ठरवणं, हाच त्या कामातला मोठा भाग.

बिबट्याच्या अभ्यासाने तर कॅमेरा वाहण्याचीच गरज काढून टाकली. झाडाला किंवा खांबाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप रात्रभर तिथेच राहतो. माणूस बॅटऱ्या आणि कार्ड घेऊन येतो-जातो.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. एस.टी.च्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. १५१ माणसं गेली. घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या पाणलोटातला तो रस्ता अरुंद, पाऊस थांबायला तयार नाही, त्याच रस्त्याने रुग्णवाहिका, जेसीबी आणि बचावदलाच्या गाड्या. पुण्या-मुंबईहून निघालेल्या माध्यमांच्या लोकांना शेवटचा टप्पा चिखलातून चालावा लागला. अशा पावसात भिंग बदलता येत नाही, म्हणून जाणता छायाचित्रकार दोन कॅमेऱ्यांना दोन भिंगं लावूनच निघतो, दोन्हींवर प्लास्टिकची पिशवी रबराने आवळलेली, कोरडं फडकं शर्टाच्या आतल्या खिशात. पण माळीणसारख्या जागी सोय हा एकच मुद्दा नसतो. चिखलातल्या एका पाऊलवाटेवरून समोरून प्रेत येत असताना पाठीवर फुगलेली सॅक घेऊन उभ्या असलेल्या माणसाने त्या वाटेचा अर्धा भाग अडवलेला असतो. तिथे हलकं असणं हा साधा माणुसकीचा भाग आहे, आणि पत्रकारितेच्या वर्गांत भिंगांच्या आधी हे शिकवलं जावं.

बैलगाडा शर्यतीचा घाट हे या भागातलं दुसरं टोक: आनंदाचं, धुळीचं, गोंगाटाचं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. जुन्नर, आंबेगाव, खेडमधल्या यात्रा पुन्हा भरल्या. घाटात एक बारी काही सेकंदांची. पुढे घोडी, मागे गाडा, ‘भिर्रर्र’ची आरोळी आणि भंडाऱ्याची उधळण. हळद आणि माती मिळून जी बारीक पूड हवेत तरंगते ती कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसली की दुकानात नेऊन साफ करावी लागते, म्हणून घाटात भिंग उघडणारा नवखा लगेच ओळखू येतो. चेन असलेल्या पिशवीपेक्षा झाकण खाली पडणारी पिशवी इथे बरी, कारण चेनच्या दातांत माती भरते आणि ऐन वेळी ती अडकते.

आता या घाटांतून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. कॅमेरे, तिवया, बॅटऱ्या, मिक्सर, इंटरनेटचं यंत्र, ड्रोनची पेटी, छत्री, असं सामान जीपमधून येतं आणि वाहनतळापासून घाटाच्या कडेपर्यंत डोक्यावरून जातं. दोन माणसं पुढे जागा धरतात, बाकीचे सामान आणतात. जनरेटर सगळ्यात शेवटी येतो, कारण तो चौघांशिवाय उचलत नाही, आणि ते चौघे बहुधा त्याच गावचे असतात, यात्रा कमिटीने सांगून ठेवलेले.